रक्तातील कोलेस्टेरॉल : पथ्य की औषध?

२०२५ सालच्या जून व जुलै महिन्यांत कर्नाटकातील हासन जिल्ह्यातून हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंच्या वार्ता एकामागून एक येऊ लागल्या. मृतांत काही तरुणही होते. लोक घाबरून गेले. बंगळूर व म्हैसूर येथील जयदेव हृद्रोग संस्थेच्या रुग्णालयांपुढे तपासणीसाठी मोठमोठ्या रांगा लागल्या. राज्य शासनाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने पुढे असा निर्वाळा दिला की, त्या जिल्ह्यात हृदयविकाराचे प्रमाण नेहमीपेक्षा वाढलेले दिसत नाही. भीती हळूहळू ओसरली आणि रांगाही ओसरल्या. परंतु अशा तपासणीनंतर माणसाच्या हाती जो कागद येतो, त्यावरील आकड्यांनी एक निराळाच प्रश्न उभा राहतो. रक्तातील कोलेस्टेरॉल वाढलेले आहे. आता काय करावे? खाण्यापिण्यात व राहणीत बदल करून ते उतरेल, की रोज एक गोळी घ्यावी लागेल, आणि तीही जन्मभर?

हा प्रश्न लक्षावधी लोकांचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत १,१३,००० हून अधिक लोकांची तपासणी झाली. रक्तातील एकूण कोलेस्टेरॉल वाढलेल्यांचे प्रमाण तीत शेकडा २४ आढळले. म्हणजे दर चार प्रौढांत सुमारे एकजण या प्रश्नापुढे उभा आहे.

कोलेस्टेरॉल म्हणजे काय?

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ होय. अठराव्या शतकात तो प्रथम पित्ताशयातील खड्यांत सापडला. ‘पित्त’ व ‘घन’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून त्याचे नाव पडले. तो विष नव्हे. त्याच्यावाचून जीवन अशक्य आहे. शरीरातील प्रत्येक पेशीच्या आवरणात तो असतो. पित्तातील आम्ले, अनेक संप्रेरके आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांची घडण त्याच्यापासूनच होते. शरीराला लागणारे बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते आणि या कामात यकृताचा वाटा मोठा असतो. साध्या घटकांपासून ते टप्प्याटप्प्याने कसे घडते याचा उलगडा केल्याबद्दल कॉनराड ब्लॉख व फिओडोर लिनेन यांना १९६४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तेल जसे पाण्यात मिसळत नाही, तसे कोलेस्टेरॉल रक्तात मिसळत नाही. म्हणून प्रथिनांच्या वेष्टनात बांधलेल्या सूक्ष्म कणांतून त्याची ने-आण होते. या कणांना मेदप्रथिने म्हणतात. त्यांतील कमी घनतेची मेदप्रथिने, म्हणजे एलडीएल, कोलेस्टेरॉल शरीरभर पोहोचवतात. अधिक घनतेची, म्हणजे एचडीएल, ते यकृताकडे परत आणण्यास साहाय्य करतात. धोक्याचा विचार करताना मुख्यतः एलडीएलकडे पाहावे लागते.

तपासणीच्या कागदावरील आकड्यांचा परस्परसंबंध एका साध्या गणिताने समजतो. हे सूत्र १९७२ सालापासून प्रचारात आहे. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करावे, आणि ट्रायग्लिसराइडांचा पाचवा हिस्साही वजा करावा. उरते ते अंदाजी एलडीएल. समजा, दर डेसिलिटर रक्तात एकूण कोलेस्टेरॉल २२८ मिलिग्रॅम, एचडीएल ४२ आणि ट्रायग्लिसराइडे १८० आहेत. १८० चा पाचवा हिस्सा ३६. तेव्हा २२८ मधून ४२ व ३६ वजा केल्यास एलडीएल १५० येते. ट्रायग्लिसराइडे फार वाढलेली असतील, तर मात्र हे गणित विश्वसनीय राहत नाही.

रोहिणीत काय घडते?

१९१३ साली रशियातील निकोलाय अनिच्कोव्ह या शास्त्रज्ञाने सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत (धमन्यांत) माणसांत आढळतात तसे मेदाचे थर निर्माण केले. माणसांविषयीचा पुरावा जमण्यास पुढे कित्येक दशके लागली. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावी १९४८ साली सुरू झालेल्या दीर्घ पाहणीतून रक्तातील कोलेस्टेरॉल, रक्तदाब व धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध स्पष्ट होत गेला.

रक्तात एलडीएलचे कण अधिक असले की त्यांतील काही रोहिणीच्या अस्तराखाली शिरून तेथे अडकतात. त्यांना गिळण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात आणि मेदाने फुगून तेथेच साचतात. वर्षानुवर्षे असे होत राहिल्याने रोहिणीच्या भित्तीत मेद, पेशी व तंतू यांचे लिंपण तयार होते. हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या परिहृद रोहिणीतील असे लिंपण एखादे दिवशी फुटते, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि रक्तप्रवाह थांबतो. हाच हृदयविकाराचा झटका. मेंदूच्या रोहिणीत हेच घडले तर पक्षाघात होतो.

यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, वाढलेले कोलेस्टेरॉल बहुधा दुखत नाही, खुपत नाही. लक्षणावरून ते ओळखता येत नाही. दुसरी अशी की, हानी एका दिवसाच्या आकड्याने होत नाही. आकडा किती आणि तो किती वर्षे टिकला, या दोहोंच्या गुणाकाराने ती होते. म्हणून तिशीत सुरू केलेल्या लहान उपायाचे मोल साठीत सुरू केलेल्या मोठ्या उपायापेक्षा अधिक ठरू शकते.

बंगळूरच्या रुग्णांनी शिकविलेले धडे

बंगळूर येथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रेम पैस व त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातील २०० रुग्णांचा अभ्यास केला. हे सर्वजण हृदयविकाराचा पहिलाच झटका आलेले होते. त्यांच्याच वयाच्या २०० इतर व्यक्तींशी त्यांची तुलना करण्यात आली. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात विडी वा सिगारेट ओढणाऱ्यांत झटक्याचा संभव न ओढणाऱ्यांच्या सुमारे साडेतीन पट आढळला. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि पोटाचा वाढलेला घेर हीही महत्त्वाची कारणे ठरली.

याच महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी सलीम यूसुफ यांच्या नेतृत्वाखाली पुढे ५२ देशांत याच पद्धतीची पाहणी झाली. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. नागपूरचे प्रशांत जोशी व इतरांनी तिच्यातील दक्षिण आशियाई रुग्णांची माहिती वेगळी काढून २००७ साली मांडली. आपल्या भागातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, तर इतर देशांत तो जवळजवळ ५९ व्या वर्षी येतो, असे तीत दिसून आले. त्याचे कारण कोणतीही गूढ दुर्बलता नव्हती. तीच ती सर्वपरिचित कारणे येथे कमी वयात एकत्र येत होती.

म्हणून कोलेस्टेरॉलचा आकडा एकटा वाचू नये. तो वय, धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, कमरेचा घेर आणि घराण्याचा इतिहास यांच्याशी जोडून वाचावा लागतो. पथ्य की औषध, या प्रश्नाचे उत्तर या बेरजेत आहे.

पथ्याने किती साधते?

आहाराविषयी एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. म्हणून डब्यावर तसे छापलेले असले तरी त्याला विशेष अर्थ नाही. रक्तातील एलडीएल वाढविण्यात खाद्यातील कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त मेदाचा हात अधिक असतो. खोबरेल तेलात सुमारे नऊ-दशांश, तुपात निम्म्याहून अधिक आणि पामतेलात सुमारे निम्मा मेद संपृक्त असतो. शेंगदाणा वा सूर्यफूल यांच्या तेलांत तो पुष्कळच कमी असतो. याहून वाईट तो वनस्पती तुपातील कृत्रिम ट्रान्स मेद. भारतात जानेवारी २०२२ पासून खाद्यतेले व स्निग्ध पदार्थांतील त्याचे प्रमाण शेकडा २ च्या आत ठेवणे बंधनकारक झाले आहे. तरीही तेच तेल पुनःपुन्हा तापवून तळलेले पदार्थ टाळणे शहाणपणाचे होय.

बंगळूरमधील माणसाला पथ्याचे अन्न दूर शोधावे लागत नाही. लोण्याने माखलेला डोसा आणि तुपात भिजलेला म्हैसूर पाक या शहरात मिळतो, तसा नाचणीचा मुद्दाही मिळतो, ‘सोप्पु’ या नावाने विकल्या जाणाऱ्या तऱ्हेतऱ्हेच्या पालेभाज्या मिळतात, आणि हिवाळ्यात अवरेकाळू म्हणजे वालाचे ताजे दाणे बाजारात येतात. डाळी, कडधान्ये, ओट व फळे यांतील विद्राव्य तंतू आतड्यातील पित्ताम्ले धरून ठेवतात. ती भरून काढण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते. दिल्ली व बंगळूर येथील रुग्णालयांतून केलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आठवड्यातून तीन-चार वेळा पालेभाजी खाणाऱ्यांत हृदयविकाराचा संभव ती क्वचित खाणाऱ्यांच्या सुमारे एक-तृतीयांश आढळला. त्याच अभ्यासात रोज सुमारे ३५ ते ४० मिनिटे भरभर चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांत हा संभव निम्म्याहूनही कमी दिसला. अशा पाहणीतून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही. तथापि तिचा रोख स्पष्ट आहे.

पथ्याची शक्ती किती, हे कॅनडातील डेव्हिड जेन्किन्स यांनी प्रयोगाने मोजले. ओट, सोयाबीन, बदाम व वनस्पतिजन्य स्टेरॉल यांनी युक्त असा आहार त्यांनी प्रयोगातील व्यक्तींना पुरविला. महिनाभरात एलडीएल शेकडा सुमारे २९ उतरले. तेवढ्याच अवधीत औषध घेणाऱ्यांत ते शेकडा ३१ उतरले होते. हे २००३ सालचे. परंतु २०११ सालच्या मोठ्या प्रयोगात लोकांना केवळ सल्ला देऊन त्यांच्या घरी, त्यांच्या स्वयंपाकघरात सोडले, तेव्हा सहा महिन्यांनी एलडीएल शेकडा १३ ते १४ च उतरलेले आढळले. या दोन आकड्यांतील अंतर म्हणजे सणवार, पाहुणचार, कचेरीचे वेळापत्रक आणि मनाचा कंटाळा होय. पथ्य निष्फळ नाही. ते रोज पाळणे अवघड आहे, हा त्याचा अर्थ. व्यायामाने एलडीएल थोडेच उतरते. मात्र त्याने वजन, रक्तदाब व रक्तशर्करा यांवर इष्ट परिणाम होतो. धूम्रपान सोडल्याने कोलेस्टेरॉलचा आकडा फारसा हलत नसला, तरी हृदयाचा धोका मात्र मोठ्या प्रमाणात घटतो.

बुरशीतून निघालेले औषध

१९७० नंतरच्या दशकात जपानमधील अकिरा एन्डो यांनी हजारो बुरशींची पारख केली. कोलेस्टेरॉलच्या घडणीतील एका कळीच्या विकराला, म्हणजे एन्झाइमाला, अडविणारा पदार्थ ते शोधीत होते. पेनिसिलियम जातीच्या एका बुरशीत तो त्यांना सापडला. त्याच सुमारास अमेरिकेत मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांनी असे दाखवून दिले की, पेशींच्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे ग्राही असतात. या शोधाबद्दल त्यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दोन्ही शोध एकमेकांस पूरक ठरले. औषधाने यकृतातील निर्मिती मंदावली की यकृत आपल्या पृष्ठभागावरील ग्राही वाढविते आणि रक्तातील एलडीएल अधिक खेचून घेते. या औषधांना स्टॅटिन म्हणतात. त्यांपैकी लोव्हास्टॅटिन १९८७ साली अमेरिकेत प्रथम विक्रीस आले. तेही बुरशी आंबवूनच मिळते, आणि बंगळूरच्या बायोकॉन या कंपनीला २००१ साली ते अमेरिकेसाठी बनविण्याची तेथील शासनाची संमती मिळाली.

आकडा उतरला म्हणजे प्राण वाचतात काय, हा खरा प्रश्न होता. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृद्रुग्णांवरील चाचणीने त्याचे उत्तर दिले. सुमारे साडेपाच वर्षांत औषध घेणाऱ्या गटात मृत्यू शेकडा ३० कमी झाले. पुढील अनेक चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष असा आहे की, एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅम उतरल्यास झटका व पक्षाघात यांसारख्या मोठ्या विकारांचा धोका सुमारे एक-पंचमांश घटतो.

एकच आकडा, दोन उत्तरे

आता निर्णयाकडे वळता येईल. कल्पना करा की, बंगळूरच्या मल्लेश्वरम् भागात राहणाऱ्या दोन शेजाऱ्यांचे एलडीएल १५० आहे. पहिला ३५ वर्षांचा असून त्याला दुसरा कोणताही दोष नाही. दुसरा ५५ वर्षांचा आहे; त्याला मधुमेह आहे आणि तो विडी ओढतो. समजा, येत्या दहा वर्षांत पहिल्यासारख्या १०० माणसांपैकी ५ जणांना, आणि दुसऱ्यासारख्या १०० पैकी ३० जणांना मोठा विकार होण्याचा संभव आहे. धोका एक-पंचमांश घटला, तर पहिल्या गटात ५ ऐवजी ४ जण आजारी पडतील, एकजण वाचेल. दुसऱ्या गटात ३० ऐवजी २४ पडतील, सहाजण वाचतील. औषध तेच, आकडा तोच. लाभ मात्र सहापट.

म्हणून पहिल्याने प्रथम पथ्य व व्यायाम यांचा कसून प्रयत्न करावा आणि तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी, हे योग्य ठरते. शेकडा १५ उतार पडला, तर त्याचे एलडीएल १५० वरून सुमारे १२७ वर येईल. भारतीय हृद्रोग संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत सर्वसामान्यांसाठी १०० च्या आत, अधिक धोका असलेल्यांसाठी ७० च्या आत, आणि झटका येऊन गेलेल्यांसारख्या अत्यधिक धोक्याच्या रुग्णांसाठी ५५ च्या आत, अशी मर्यादा घातली आहे. तेव्हा पहिल्याला प्रयत्न आणखी नेटाने चालू ठेवावे लागतील, आणि पुढे औषधाचा विचार करायचा की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे लागेल.

दुसऱ्याला असे थांबून चालणार नाही. त्याला ७० च्या आत यायचे आहे. नुसत्या पथ्याने तो १२७ वर थांबेल. एलडीएल निम्मे करणाऱ्या मात्रेच्या नुसत्या औषधाने ७५ वर येईल. पथ्याने १२७ आणि त्याचे औषधाने निम्मे, असे दोन्ही केल्यास सुमारे ६४ वर येईल. गणितच येथे सांगते की, पथ्य आणि औषध हे प्रतिस्पर्धी नसून जोडीदार आहेत. औषधाची मात्रा दुप्पट केली तरी एलडीएल आणखी सुमारे शेकडा ६ च उतरते, हे पाहता पथ्याचा वाटा औषध चालू असतानाही मोलाचा राहतो.

काही प्रसंगी मात्र वाट पाहण्यास जागाच नसते. ज्याला झटका वा पक्षाघात होऊन गेला आहे, किंवा ज्याचे एलडीएल १९० वा त्याहून अधिक आहे, त्याला औषध लगेच सुरू करावे लागते. इतके वाढलेले कोलेस्टेरॉल पुष्कळदा आनुवंशिक असते. सुमारे २५० ते ३०० माणसांत एकाला हा दोष जन्मतः असतो, आणि तो कोणत्याही पथ्याने पुरता जात नाही. अशा कुटुंबातील मुलांची व भावंडांचीही तपासणी करावी. उलटपक्षी, अवटू ग्रंथीचे कार्य मंदावल्यानेही कोलेस्टेरॉल वाढते. तेथे मूळ विकारावर उपचार आधी करावा.

औषधाविषयीची भीती

स्टॅटिन पूर्णतः निर्दोष आहेत असे नाही. काहींचे स्नायू दुखतात. फार क्वचित स्नायूंची गंभीर हानी होते, आणि याच कारणामुळे सेरिव्हास्टॅटिन हे औषध २००१ साली जगभरच्या बाजारांतून काढून घेण्यात आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांत रक्तशर्करा थोडी वाढू शकते. काही प्रतिजैविकांबरोबर ही औषधे घेणे धोक्याचे असते, आणि गरोदरपणात ती सामान्यतः थांबवितात. तथापि सर्व तक्रारी औषधाच्याच नसतात. त्रास झाल्यामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० व्यक्तींना लंडनमधील संशोधकांनी वर्षभर आळीपाळीने काही महिने खरे औषध, काही महिने तशीच दिसणारी पोकळ गोळी, तर काही महिने काहीच दिले नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार खऱ्या गोळीने जो त्रास होई, त्याचा शेकडा ९० भाग पोकळ गोळीनेही होत होता. वेदना खोट्या नव्हत्या. त्यांचे कारण मात्र बहुतांशी गोळीतील द्रव्य नव्हते. तेव्हा त्रास झाल्यास गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे. मात्रा कमी करणे वा औषध बदलणे हे मार्ग पुष्कळदा उपयोगी पडतात.

आणखी एक चूक वारंवार घडते. आकडा उतरला की ‘बरे झालो’ असे समजून गोळी सोडली जाते. गोळी थांबताच यकृताची निर्मिती पूर्ववत सुरू होते आणि काही आठवड्यांत आकडा जुन्या जागी येतो. याच्या उलट चूक म्हणजे गोळी चालू आहे, या भरवशावर पुन्हा तळणाकडे व विडीकडे वळणे. गोळीने धोका एक-पंचमांशाने, फार तर एक-तृतीयांशाने वा थोडा अधिक घटतो. उरलेला धोका तसाच राहतो.

सारांश

कोलेस्टेरॉल वाढलेल्या प्रत्येकाने राहणी सुधारावी, यात मतभेद नाही. प्रश्न एवढाच की, त्याच्या जोडीला औषध केव्हा घ्यावे. धोका थोडा असेल तेथे आधी पथ्य, मग पुन्हा तपासणी. धोका मोठा असेल तेथे दोन्ही एकाच दिवशी. हा धोका नुसत्या कागदावरून ठरत नाही. माणसाचे वय, त्याच्या सवयी, त्याचे इतर विकार आणि त्याच्या वडिलांचा वा भावाचा इतिहास पाहून तो ठरतो. म्हणून अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर एकदा तपासणी करून घ्यावी, असे भारतीय हृद्रोग संघटनेने सुचविले आहे. बातमी वाचून भयाने रांगेत उभे राहण्यापेक्षा, वेळेवर शांतपणे केलेली एक तपासणी आणि तिच्यावर डॉक्टरांशी झालेले अर्ध्या तासाचे बोलणे यांचे मोल कितीतरी अधिक आहे.